प्रोजेक्ट ठरायच्या आधी बोलवा

या वेळी कॉलेजातल्या प्रोजेक्टांबद्दल आणि वेगवेगळ्या शाखांच्या मुलांनी एकत्र काम करण्याबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं आणि मेल मिळून इतके आले की सगळ्यांना जागा देणं शक्य नाही, त्यातले सहा निवडलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून सगळ्यांचीच नावं काढलीयेत.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यात ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग) थर्ड इयरला आहे. आम्ही चौघींनी कांदा चाळीसाठी सेन्सर बनवला, चाळीतलं तापमान आणि ओल मोजतो आणि गडबड वाटली की मोबाईलवर मेसेज येतो. कॉलेजच्या स्पर्धेत नंबर आला. पण गावात दाखवलं तर सगळे छान आहे म्हणाले आणि कुणी घेतलं नाही. आता बीकॉमच्या आणि अ‍ॅग्रीच्या मैत्रिणींना मार्केटिंगसाठी टीममध्ये घ्यावं का?

उत्तर : घे, नक्की घे, पण मार्केटिंगसाठी घेऊ नकोस. वस्तू तयार झाली की मग कॉमर्सवाल्यांना विकायला बोलवायचं, आर्ट्सवाल्यांना पोस्टर करायला बोलवायचं, हे मी इतक्या कॉलेजांत बघतेय की आता राग यायला लागलाय. त्यांना प्रश्न ठरवताना बोलवायचं असतं.

तुझंच उदाहरण घेऊ. समज तुझी बीकॉमची मैत्रीण पहिल्या दिवशी टीममध्ये असती तर तिने काय विचारलं असतं? मेसेज आल्यावर शेतकरी करणार काय, हे विचारलं असतं. त्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, एक तर मजूर लावून चाळ उघडायची, सडलेला कांदा निवडून बाहेर काढायचा, नाहीतर आज आहे त्या भावाला माल लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजारात नेऊन मोकळं व्हायचं. भाव पडलेला असेल तर तो कांदा सडत असूनही थांबणार, कारण पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात भाव चढेल या आशेवरच तर उन्हाळ कांदा चाळीत भरलेला असतो, आणि निवडायला मजूर लावायचे तर त्यांची मजुरी निघणार आहे का हाही हिशोब असतो. म्हणजे त्याला नुसती ओल किती हे कळून उपयोग नाही, आज विकला तर किती हातात येतील आणि महिनाभर थांबलो तर वजनातली घट आणि सड वजा जाऊन किती येतील हे कळायला हवंय. हा आकडा काढायला बाजार समितीचे भाव, मजुरी आणि तुझा सेन्सर तिन्ही लागतात.

आणि अ‍ॅग्रीची मैत्रीण तर तुम्हाला चाळीत नेण्याआधी शेतात घेऊन गेली असती. चाळीत सडणाऱ्या कांद्याचं बरंचसं भवितव्य चाळीच्या बाहेरच ठरलेलं असतं, काढणीच्या वेळी पाऊस लागला का, पातीसकट नीट सुकवला का, मान किती ठेवून कापली, वाण टिकाऊ आहे का, भरताना फुटका आणि डेंगळे (फुलाचे दांडे) आलेला कांदा बाजूला काढला का. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी वाणांवर आणि साठवणुकीवर वर्षानुवर्षं काम केलंय, तुमच्या तालुक्याच्या कृषी कार्यालयातून त्यांच्यापर्यंत पोचता येतं. कदाचित तुमचा सेन्सर चाळीत न बसता सुकवणीच्या जागी बसायला पाहिजे असंही निघेल, तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, सर्किट तेच राहील.

अजून एक. चाळीत कांदा निवडायला बहुतेक ठिकाणी बायका बसतात आणि मेसेज जातो घरातल्या पुरुषाच्या मोबाईलवर. वासावरून कुठल्या कोपऱ्यात सड लागलीय हे त्या बायका सांगतात. त्यांच्याशी बोललात का? दाखवायला घेऊन जाऊ नका, या वेळी काहीच हातात न घेता जा आणि दिवसभर त्यांच्याबरोबर निवडायला बसा.

प्रश्न : मी लातूरला बीए सेकंड इयर, समाजशास्त्र. कॉलेजात इनोव्हेशनची जी काही नोटीस लागते त्यात अ‍ॅप, रोबोट, एआय हेच असतं. इंजिनिअरिंगचे मित्र म्हणतात तू अँकरिंग कर नाहीतर रिपोर्टचं मराठी बघ. आमच्यासारख्यांना यात खरंच जागा आहे का, की उगाच मन राखायला बोलावतात?

उत्तर : जागा आहे, आणि ती अँकरिंगपेक्षा बरीच पुढची आहे. तुला एक खरी गोष्ट सांगते, तुझ्या मित्रांनाही वाचून दाखव.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एक कोर्स आहे, गरीब लोकांना परवडतील अशा वस्तू डिझाईन करायचा, त्यात मुद्दाम वेगवेगळ्या शाखांची मुलं एका टीममध्ये घालतात. २००७ मध्ये अशाच एका टीमला काम मिळालं की नवजात बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर बनवा. टीममध्ये कॉम्प्युटरवाला होता, इलेक्ट्रिकलवाला होता, एमबीए करणारी मुलगी होती, आणि चौघांपैकी दोघं भारतीय वंशाचे. लॅबमध्ये बसून त्यांनी इन्क्युबेटरचे पार्ट स्वस्त करत आणले असते तर कोर्समध्ये मार्क मिळालेही असते. पण टीममधला एक जण नेपाळला गेला. तिथे शहरातल्या हॉस्पिटलात दान म्हणून आलेले इन्क्युबेटर रिकामे पडलेले दिसले, कारण ज्या बाळांना ते हवेत ती बाळं खेड्यात जन्माला येतात आणि हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. तिथेच प्रश्न बदलला. हॉस्पिटलसाठी स्वस्त यंत्र नको होतं, वीज नसलेल्या घरात आईला वापरता येईल असं काहीतरी पाहिजे होतं. त्यातून छोट्या स्लीपिंग बॅगसारखी वस्तू झाली, आत मेणासारख्या पदार्थाची पिशवी, ती एकदा तापवली की काही तास ३७ अंशांच्या आसपास ऊब धरून ठेवते. एम्ब्रेस नावाने हे काम पुढे भारतातच बंगळुरूला उभं राहिलं.

पुढचा भाग तर खास तुझ्यासाठी आहे. सुरुवातीच्या डिझाईनमध्ये तापमानाचे आकडे दिसायचे. भारतात आयांशी बोलताना एका आईने सांगितलं की औषध फार कडक असतं म्हणून डॉक्टर एक चमचा म्हणाले तर मी अर्धाच देते, तर हेसुद्धा ३७ सांगितलं असलं तरी मी जरा कमीच ठेवीन. म्हणजे यंत्र अचूक आणि बाळ गार! मग त्यांनी आकडेच काढून टाकले आणि नुसतं ठीक आहे की नाही एवढंच दाखवलं. हे वाक्य त्या आईकडून काढून घ्यायला काय लागतं? घाई न करता बसणं लागतं, उत्तर तोंडात न घालणारा प्रश्न विचारता यावा लागतो, ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहून ठेवावं लागतं. मुलाखत कशी घ्यावी आणि निरीक्षण कसं नोंदवावं हे समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात असतं, इंजिनिअरिंगच्या पोरांना हे कुणी शिकवत नाही.

आपल्याकडेही जागा मुळीच नाही असं नाही. राज्यातल्या विद्यापीठांची आविष्कार संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे आणि तिच्यात मानव्यविद्या, भाषा, ललितकला यांचा स्वतंत्र गट आहे. आता नवीन शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलं घ्यावं लागतं, बरीच मुलं तिथे सोपं काय आहे ते बघून फॉर्म भरतात. तू तसं करू नकोस, जो विषय घेतलास तर सायन्सच्या पोरांच्या वर्गात बसायला मिळेल तो घे, ओळखी तिथे होतात. आणि मित्रांना सांग, पुढच्या प्रोजेक्टचा विषय ठरायच्या मीटिंगला मला बोलवा, रिपोर्टचं मराठी मग बघू.

प्रश्न : मी सिंधुदुर्गात एका छोट्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तिन्ही आहे पण लॅब साधीच, फंड नाही, इनोव्हेशन कौन्सिल कागदावर आहे, वर्षातून एकदा बॅनर लावून फोटो अपलोड होतो. प्रिन्सिपल सर चांगले आहेत पण नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जा तपासणीच्या, कामात बुडालेले. मुलांनी खरंच काही करावं असं फार वाटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मॅडम, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, आणि तुमच्याकडे जे आहे ते मोठ्या कॉलेजांकडे नाही असं मला मनापासून वाटतं. तिन्ही शाखा एका आवारात आहेत, मुलं एकाच एसटीने येतात, आणि दाराबाहेर काजू आहे.

काजूचंच घ्या ना. काजूगर काढताना टरफलातलं तेल हाताला लागतं आणि कातडी सोलून निघते, कारखान्यात गर काढायला बसणाऱ्या बायकांचे हात बघितलेच असतील तुम्ही, राख नाहीतर गोडं तेल लावून काम करतात. त्या तेलात काय असतं आणि हातावर कुठला साधा लेप टिकेल हा तुमच्या टेबलावरचा प्रश्न आहे. हातमोजे दिले तरी त्या का घालत नाहीत, तर बऱ्याच ठिकाणी पैसे किलोवर मिळतात आणि मोजे घातले की हात मंदावतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या सरांचा. कटर थोडा बदलून चालेल का हे जवळच्या आयटीआयच्या पोरांना विचारायचं. एकट्या केमिस्ट्रीने लेप बनवला तर तो बाटलीत राहील, कारण बाईला दिवसाला दहा मिनिटं कमी पडतायत हे केमिस्ट्रीला दिसत नाही.

दुसरं बोंडू, म्हणजे काजूचं फळ. शेजारी गोव्यात बोंडवाची फेणी ही दारू होते, तिला २००९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्या बाजूला बोंडवांचे ढीग झाडाखाली कुजतात. असं का, याच्यात कायदा आहे, इतिहास आहे, आंबवण्याचं शास्त्र आहे, बाजार आहे. मुलांना एवढंच विचारा आणि सहा महिने द्या.

आता हे बसवायचं कुठे? वेगळा उपक्रम म्हणून नका चालवू, दमून जाल. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट आहेत, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटचं काम असेल तर ६० तास मुलांचे अधिकृत मिळाले. प्रत्येक विभाग आपापलं फील्ड प्रोजेक्ट वेगळं करतोय, त्याऐवजी तीन विभागांनी मिळून एकच विषय घ्यायचा आणि प्रत्येकाने आपल्या बाजूने मार्क द्यायचे. प्रिन्सिपल सरांना हे सांगताना नॅकच्या भाषेत सांगा, त्यांना एक चांगला पुरावाच मिळतोय, ते नाही म्हणणार नाहीत. टाइमटेबलमध्ये तिन्ही शाखांचा आठवड्यातला एक तास एकाच वेळी मोकळा ठेवायला सांगा. पैशापेक्षा हा तास महत्त्वाचा आहे, आणि मिळवायला अवघडही आहे, कारण एकाची लेक्चरं सकाळी संपतात आणि दुसऱ्याची प्रॅक्टिकल दुपारी सुरू होतात, मुलं भेटणार कधी.

बाहेरचे आधारही आहेत. आयआयटी मुंबईत सितारा नावाचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे, तिथली मुलं खेड्यात जाऊन राहतात आणि तिथल्या पाण्याच्या योजनांपासून चुलीपर्यंत अभ्यास करतात. त्याच लोकांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं, जिल्ह्याच्या प्रशासनाचे प्रश्न जिल्ह्यातल्याच कॉलेजांनी अभ्यासावेत म्हणून. आणि जमलं तर एकदा मुलांना घेऊन पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रमात जा. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये शाळा सोडलेल्या पोरांना हाताने काम करत शिकवायला ते सुरू केलं, आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडा काढून वस्तू बनवायची कार्यशाळा, २००२ मध्ये तिथे उभी राहिली, पाबळसारख्या गावात! तुमच्या मुलांनी हे डोळ्यांनी बघायला हवं, आमच्याकडे काही नाही हे वाक्य त्यानंतर बंद होईल.

प्रश्न : माझा मुलगा ठाण्याला कॉम्प्युटरच्या सेकंड इयरला आहे. सारखा हॅकेथॉन (सलग काही तासांत काहीतरी बनवायची स्पर्धा), रात्र रात्र जागतो, दोन विषय राहिले, केटी लागली, अटेंडन्स कमी म्हणून कॉलेजचा मेसेज आला. यांचं म्हणणं सगळं बंद कर. मला वाटतं मुलगा आनंदात आहे. काय करू?

उत्तर : ताई, बंद करू नका, पण तो नेमकं काय करतोय ते त्याच्याशी शांतपणे बसून समजून घ्या, कारण हॅकेथॉन आणि प्रोजेक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलांना त्या एकच वाटतात.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून होतंय, सॉफ्टवेअरची फायनल सलग ३६ तास चालते, सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी हवीच, आणि प्रश्न सरकारी खात्यांनी दिलेले असतात. चांगली गोष्ट आहे, वर्षातून एखादं मोठं हॅकेथॉन जरूर करावं, वेळेत काम संपवायची सवय लागते, अनोळखी लोकांसमोर बोलायची भीती जाते. पण दर पंधरा दिवसांनी नवीन हॅकेथॉन, नवीन नाव, तेच अ‍ॅप जरा बदलून, असं चालू असेल तर त्यातून सर्टिफिकेटं वाढतात, काम पुढे जात नाही. शिवाय टीममध्ये सहाही कॉम्प्युटरचेच असतील तर सहा जणांना एकच गोष्ट दिसणार.

याच्या उलट एक उदाहरण बघा. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्वयम नावाचा उपग्रह बनवला, वजन साधारण एक किलो. २००८ च्या सुमाराला सुरू केलेलं काम २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून वर गेलं. इतक्या वर्षांत मुलांच्या एकामागून एक बॅचेस पास होऊन गेल्या. ज्यांनी पहिले आराखडे काढले ते लाँच झाला तेव्हा कधीच नोकरीला लागलेले होते, म्हणजे प्रत्येक बॅचने पुढच्यांना समजेल असं लिहून ठेवलं आणि सोडून दिलं. मेकॅनिकलच्या मुलाने ठरवलेलं वजन इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला पाळावं लागतं, तिला जास्त करंट हवा तर बॅटरीवाल्याचं गणित बिघडतं, रोज भांडण आणि रोज तडजोड, त्यात जे शिकायला मिळतं ते ३६ तासांत मिळत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या मुलांचा प्रथम नावाचा उपग्रहही गेला, त्यालाही अशीच वर्षं लागली होती.

तर त्याला सांगा, एक काम निवड आणि वर्षभर धर, आणि टीममध्ये कॉम्प्युटर सोडून दुसऱ्या शाखेचे दोघं तरी घे. अटेंडन्सचं म्हणाल तर केंद्राच्या शिक्षण खात्याचं २०१९ चं विद्यार्थी-शिक्षकांसाठी स्टार्टअप धोरण आहे, त्यात स्टार्टअपवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला अटेंडन्स कमी असली तरी संस्थेच्या परवानगीने परीक्षेला बसू द्यावं असं लिहिलंय. पण हे मार्गदर्शक धोरण आहे, प्रत्येक कॉलेज आपापला नियम करतं, तेव्हा परवानगी आधी लेखी घ्यायला लावा, सेमिस्टर संपताना धावपळ करून उपयोग होत नाही. केटी मात्र याच सेमिस्टरला काढायची, यात त्याच्या बाबांचं बरोबर आहे. आणि झोप. रात्रभर जागून लिहिलेला कोड सकाळी परत लिहावा लागतो हे त्याला माहीत असेलच, तरी आईने सांगावं.

प्रश्न : फार्मसी फायनल इयर, सातारा. आम्ही तिघं फार्मसीचे आणि एक मेकॅनिकलचा मित्र, मिळून म्हाताऱ्या माणसांना एकट्याने डोळ्यात ड्रॉप घालता येतील असं साधन बनवलं. आता गाइड म्हणतात पेटंटमध्ये पहिलं नाव माझं, आणि मेकॅनिकलचा मुलगा आपल्या कॉलेजचा नाही तर त्याचं नाव नको. पुढच्या महिन्यात प्रदर्शनात मांडायचंय. काय करावं?

उत्तर : आधी घाईचं सांगते. पेटंटचा अर्ज करायच्या आधी प्रदर्शनात मांडू नका, यूट्यूबवर टाकू नका, इन्स्टावर तर अजिबात नको. एकदा लोकांसमोर आलं की ते नवीन राहिलं नाही असं धरलं जाऊ शकतं, काही ठरावीक प्रदर्शनांना आणि विद्वत्सभांना कायद्यात १२ महिन्यांची सूट आहे पण तिच्या भरवशावर राहू नका. प्रोव्हिजनल अर्ज करता येतो, म्हणजे कल्पना आणि आत्तापर्यंतचं काम लिहून तारीख पक्की करायची आणि १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आहे, २०२१ पासून शैक्षणिक संस्थांनाही फीमध्ये ८० टक्के सवलत मिळते. पूर्ण पेटंट मिळेपर्यंत पुढचे खर्च आहेत, पण पहिलं पाऊल चौघांनी वर्गणी काढून टाकता येईल इतकं आहे.

आता नावाचं. संशोधक म्हणून नाव त्याचंच ज्याने कल्पनेत खरी भर घातली. लॅब दिली, सही दिली, प्रोत्साहन दिलं म्हणून कुणी इन्व्हेंटर होत नाही, तसंच दुसऱ्या कॉलेजचा आहे म्हणून कुणाचं इन्व्हेंटरपण जात नाही. थेंब एकसारखा पडायला दाब कसा द्यायचा हे जर मेकॅनिकलच्या मित्राने काढलं असेल तर त्याचं नाव वगळणं चुकीचं आहेच, आणि पुढे पेटंटवर वाद झाला तर तुमच्याच अंगाशी येईल. नावांचा क्रम पेटंटमध्ये फारसा काही ठरवत नाही, तेव्हा सरांचं खरंच योगदान असेल तर पहिलं नाव देऊन टाका आणि विषय संपवा, नसेल तर नम्रपणे विचारा की सर, कुठला भाग तुमचा म्हणून लिहू? बरीच भांडणं या एका प्रश्नावर मिटतात.

मालकी कुणाची, हे वेगळं. वर सांगितलेल्या २०१९ च्या स्टार्टअप धोरणाप्रमाणे संस्थेची साधनं, पैसा भरपूर वापरला असेल किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलं असेल तर संस्था आणि संशोधक दोघांची, आणि स्वतःच्या वेळात बाहेर केलं असेल तर संशोधकाची. तुमच्या कॉलेजचं स्वतःचं आयपी (बौद्धिक संपदा) धोरण आहे का ते आजच विचारा. तिथे दाद मिळाली नाही तर विद्यापीठात नवोपक्रमाचा विभाग असतो, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातच त्याची तरतूद आहे, तिथे चौघांनी मिळून लेखी अर्ज द्या, एकट्याने जाऊ नका.

आणि हे पुढच्या बॅचलाही सांगा, वेगळ्या शाखेचा, वेगळ्या कॉलेजचा माणूस घेताना पहिल्याच दिवशी एका वहीत लिहा कोण काय करणार, मग तारखा घालत जा, आज हे कुणी सुचवलं, ते कुणी करून बघितलं. आयआयटी मुंबईत बेटिक नावाचं वैद्यकीय उपकरणांचं केंद्र २०१४ पासून चालतंय, डॉक्टर, इंजिनिअर आणि डिझायनर एका टेबलावर बसून काम करतात, तिथून निघालेल्या एका टीमचा डिजिटल स्टेथोस्कोप कोविडच्या काळात खूप चर्चेत होता. अशा ठिकाणी कुठली अडचण डॉक्टरने मांडली आणि कुठला उपाय इंजिनिअरने काढला हे लिहून ठेवणं कामाचाच भाग असतं. विश्वास आहे म्हणून लिहायचं नाही असं नको, विश्वास टिकावा म्हणून लिहायचं.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेने, यवतमाळ जिल्ह्यात, इनोव्हेशन सेंटरसाठी पंधरा लाख मंजूर केलेत. मी विश्वस्त मंडळात आहे, स्वतः शेतकरी. व्हेंडर लोक थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्स किट, काचेची केबिन असं कोटेशन देतायत. आमचं कुणी या क्षेत्रातलं नाही. काय घ्यावं?

उत्तर : दादा, काचेची केबिन नको, हे पहिलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये बिल्डिंग २० म्हणून एक लाकडी इमारत होती, १९४३ मध्ये युद्धातल्या रडारच्या कामासाठी तात्पुरती बांधलेली आणि पाडली ती १९९८ मध्ये. दिसायला गोडाऊन, पण भिंतीला भोक पाडायला कुणाची परवानगी लागायची नाही, आणि कॉरिडॉरमध्ये भाषाशास्त्रवाले, रडारवाले, आवाजावर काम करणारे, मॉडेल रेल्वेचा क्लब चालवणारी पोरं सगळे एकमेकांना धडकायचे. तिथून जेवढं नवीन निघालं तेवढं फार थोड्या इमारतींतून निघालं असेल. तेव्हा तुमची जुनी शेड असेल तर तीच घ्या, लाईट, पंखे, पाणी, मजबूत टेबलं, पत्रा आणि लाकूड कापायची, वेल्डिंगची हत्यारं, सोल्डरिंगचं सामान, एखादा साधा थ्रीडी प्रिंटर, हे सगळं मंजूर रकमेच्या थोड्या भागात बसतं.

मोठा खर्च माणसावर करा. एक चांगला मिस्त्री पगारावर ठेवा, ज्याला मुलांना शिकवायची हौस आहे आणि हत्यार हातात दिल्यावर छाती धडधडत नाही असा. जयपूर फूट सगळ्यांना माहीत आहे, तो डॉ. सेठी या सर्जनने आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने मिळून घडवला, शर्मांकडे डिग्री नव्हती. आपल्या माणसाला मांडी घालून, उकिडवं बसता आलं पाहिजे, चिखलात अनवाणी चालता आलं पाहिजे, हे पुस्तकातल्या कृत्रिम पायात नव्हतं. तुमच्या सेंटरमध्ये असा माणूस आत बसलेला असू दे, नुसता दुरुस्तीला बोलावलेला नको. कापूस वेचताना बोटं फाटतात, पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, नुसती जाळली जाते, असे प्रश्न तुम्ही स्वतः शेतकरी म्हणून मुलांसमोर मांडा, तुम्ही विश्वस्त आहात म्हणून उद्घाटनापुरतं येऊ नका.

आणि एक अट ठरावात लिहून घ्या, सेंटर संध्याकाळी साडेपाचला बंद होणार नाही. मुलं लेक्चर सुटल्यावरच येऊ शकतात. मुलींच्या होस्टेलचं गेट सात-साडेसातला बंद होत असेल तर तुमच्या सेंटरमध्ये फक्त मुलंच दिसतील आणि मग सगळे म्हणतील मुलींना आवड नाही. गेटची वेळ बदलायची, परत सोडायला गाडी आणि एक बाई कर्मचारी ठेवायची, रजिस्टरला सही करून रात्री नऊपर्यंत थांबू द्यायचं. पंधरा लाखांतले दोन त्या गाडीला आणि पगाराला लागले तरी लागू द्या. दाराची एक किल्ली विद्यार्थ्यांच्या समितीकडे द्या, त्या समितीत प्रत्येक शाखेचा एक जण, आर्ट्सचासुद्धा, आणि पहिल्या वर्षी सामानाची यादी त्यांनाच करायला सांगा, व्हेंडरचं कोटेशन त्यानंतर मागवा.